कमलिनीबाईंचा खो-खो

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, धुकं अजून उठलं नव्हतं अशा एका सकाळी, झाशीच्या सिविल लाइन्समधल्या एका कॉलनीच्या मैदानात कमलिनी निकम पळाल्या. वय छप्पन्न, अंगात सलवार-कुडता, वर नवऱ्याचा जुना स्वेटर, पायात मुलानं पुण्याहून पाठवलेले आणि दीड वर्ष खोक्यात पडून राहिलेले बूट. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या जीव खाऊन पळाल्या, तिथल्या कडुनिंबाला हात लावला, वळल्या आणि परत आल्या. मग गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ धापा टाकत उभ्या राहिल्या.

साडेआठला समोरच्या बंगल्यातले गृहस्थ दुधाची पिशवी हातात घेऊनच निकमांच्या दाराशी आले. “सब ठीक तो है न, निकम साहब? भाभीजी दौड़ती हुई दिखीं.” घरात कुणाला तरी बरं नाही आणि बाई मदतीसाठी पळत सुटल्यात, असा त्यांचा समज झाला होता. सुभाषचंद्रांनी सब ठीक है म्हणून त्यांची बोळवण केली आणि आत येऊन बायकोकडे पाहिलं. ती ओट्याशी पोहे परतत होती आणि तिचे गाल लालबुंद झाले होते.

“पळत होतीस?”

“हो.”

“कशासाठी?”

“पळावंसं वाटलं,” कमलिनीबाई म्हणाल्या. “उद्याही पळणार आहे. कुणी विचारलं तर तसं सांगा.”

कमलिनीबाई मूळच्या मिरजेच्या. शाळेत सहावीत असताना खो-खोच्या मास्तरांनी त्यांना पटांगणावर उभं केलं आणि त्यानंतर बारा वर्षं त्या पटांगणावरून हलल्या नाहीत. जिल्ह्याच्या संघात तीन वर्षं, राज्याच्या मुलींच्या संघात एकदा. पाठलाग ही त्यांची खासियत. समोरची पोर खांबाला वळसा घालून निसटतेय असं वाटलं, की खांबाला एका हाताचा विळखा घालून ह्या अशा सूर मारायच्या की पोरीच्या टाचेला बोटं लागलीच म्हणून समजावं. तेविसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा कराडचा, पण नोकरी झाशीला, शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात. लग्नानंतर खेळायला त्यांना कुणी बंदी केली नाही. त्याबद्दल कुणी काही विचारलंच नाही, आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही. इतक्या सहजपणे ती गोष्ट संपून गेली.

कारखान्याच्या वसाहतीत एकतीस वर्षं गेली. तिथं भिशी होती, हळदीकुंकू होतं, गणपतीत नाटक बसायचं. महिला मंडळाच्या वार्षिक खेळांत लिंबू-चमच्याची शर्यत असायची. कमलिनीबाई ती ओळीनं अकरा वर्षं जिंकल्या. बाराव्या वर्षी मंडळानं त्यांना हार घालून परीक्षक केलं, कारण बाकीच्या बायका नाराज व्हायला लागल्या होत्या. त्या रात्री त्यांना खूप राग आला होता, पण तो कशाचा ते तेव्हा नीटसं कळलं नव्हतं.

मग सुभाषचंद्र निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि दोघं सिविल लाइन्समधल्या ह्या कॉलनीत राहायला आले. मुलगा ऋतुराज पुण्याला बोलावत होता. पण त्याचं घर अकराव्या मजल्यावर, आणि सुभाषचंद्रांना तर आता मराठी वर्तमानपत्रापेक्षा हिंदी लवकर वाचता यायचं. झाशीच बरी, असं दोघांचं ठरलं. घर छान होतं. फक्त बोलायला माणूस नव्हतं. वसाहतीत स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली की तीन घरांतून ओ यायची. इथं प्रत्येक घराला लोखंडी फाटक, फाटकावर कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी, आणि फाटकाच्या आत टीव्हीचा आवाज. सकाळी कॉलनीच्या बागेत बायका फिरायच्या, त्याही जोडीजोडीनं, फरसबंदीवरून एकाच दिशेनं, घाण्याला जुंपल्यासारख्या. कमलिनीबाई सहा महिने तशा फिरल्या. नमस्ते-नमस्तेच्या पलीकडे काही घडलं नाही. बागेमागचं मैदान मात्र सकाळी मोकळं पडलेलं असायचं. लग्नसराईत तिथं मांडव पडायचा, संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळायची, सकाळी चिटपाखरू नसायचं.

पळायला लागून आठवडा झाला, तेव्हा मैदानाच्या मागच्या गल्लीतून एक बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. पार्वती तिचं नाव. माहेर चिरगावचं, वय चाळिशीचं. एकटीच्या जिवावर वीस-बावीस जणांचे डबे करायची. तीन दिवस ती नुसती बघत होती. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, की रोज ह्या झाडाला शिवून परत का येता, काही नवस आहे का? कमलिनीबाईंना हसू आलं. त्यांनी तिला खो-खो समजावून सांगितला, मातीत काडीनं रेघा ओढून. ओळीत बसायचं, एकीनं ह्या बाजूला तोंड करून, दुसरीनं त्या बाजूला. पाठलाग करणारीला मधली रेघ ओलांडता येत नाही, निघाल्यावर मागं वळता येत नाही. दिशा बदलायची तर बसलेलीच्या पाठीवर थाप मारून खो म्हणायचं आणि तिच्या जागी आपण बसायचं. मग ती उठून धावते.

पार्वतीनं सगळं ऐकून घेतलं, पदर कमरेला खोचला आणि कुंपणाच्या तुटक्या तारेतून वाकून आत आली. “जिज्जी, हमें सोई खिला लो,” ती म्हणाली. मलाही खेळायला घ्या.

दोघींत खो-खो होत नाही. कमलिनीबाईंना ते माहीत होतं. पुढच्या चतुर्थीला गणपतीच्या देवळात शहरातली मराठी कुटुंबं जमली, तेव्हा आरती झाल्यावर त्यांनी सरळ विषय काढला. सकाळी साडेसहाला खो-खो खेळायला कोण येतंय? बायकांना वाटलं, निकमबाई थट्टा करतायत. कुणी आपल्या कमरेचं सांगितलं, कुणी सुनेच्या ड्युटीचं. मानिक चौकाजवळ राहणाऱ्या जानकीताई खानवलकर तेवढ्या हसल्या नाहीत. त्या सदुसष्ट वर्षांच्या. त्यांचं घराणं दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कारकुनीसाठी झाशीत आलं ते इथलंच झालं. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असायची आणि उरलेल्या निम्मीत असे शब्द, की कमलिनीबाईंना आपल्या आजीच्या तोंडून ऐकल्याचे आठवायचे. बुटांना त्या अजून जोडे म्हणत.

“आमच्या घराण्यात बायका घोड्यावर बसत, हे मी लहानपणापासून ऐकते आहे,” जानकीताई म्हणाल्या. “मला कुणी सायकलीवर पण नाही बसू दिलं. आता गुडघे गेले. पण गळा ठीक आहे, आणि नजर ठीक आहे. माझ्यासाठी काही काम असेल तर बोला.”

काम होतं. दुसऱ्या दिवसापासून जानकीताई पंच झाल्या. नात तन्वी त्यांना स्कूटीवरून घेऊन यायची. तन्वी कॉलेजात शिकणारी. तिला मराठी सगळं समजे, बोलायची वेळ आली की ती हिंदीत शिरे. पहिले दोन दिवस ती स्कूटीवर बसून मोबाईल बघत राहिली. तिसऱ्या दिवशी पार्वतीनं एका बाईला चौथ्यांदा हुलकावणी दिलेली बघून तन्वीला त्या बाईची कीव आली आणि ती स्वतःच मैदानात उतरली.

ती बाई म्हणजे शेजारच्या रांगेतली मेघना, बँकेत कॅशियर. तिच्या मागोमाग दोन शिक्षिका आल्या, एक शिवणकाम करणारी आली, कॉलनीतल्या दोन सुना सासूला फिरायला जातो सांगून आल्या. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तेरा जणी झाल्या. नियमाप्रमाणे नऊ-नऊ लागतात, पण कमलिनीबाईंनी सहा बसवल्या, एक पाठलागाला, बाकीच्या पळतीला, आणि खेळ उभा केला. मानिक चौकाजवळच्या सुताराकडून दोन खांब करून आणले, घासून गुळगुळीत केलेले, पुरल्यावर चार फूट वर राहतील असे. ते मैदानात पुरले. चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या. थंडीतल्या सकाळी मैदानात “खो” असा आवाज घुमायला लागला आणि आसपासच्या गच्च्यांवर डोकी दिसायला लागली.

खेळ संपला की सगळ्या जणी कडुनिंबाखाली बसत. पार्वती थर्मासमधून चहा आणायची. गुडघे फुटलेले असत, कपड्यांवर तांबडी माती असे. मेघनानं एकदा सांगितलं, की तिच्या बँकेत रोज दोनशे माणसं तिच्याशी बोलतात आणि त्यातलं एकही तिच्याशी बोलत नाही. कमलिनीबाईंना ते बरोबर समजलं. त्यांनी तिच्या कोपराला लागलेली माती झटकून दिली.

पहिला धक्का बसला तो व्हिडिओचा. कुणीतरी गच्चीवरून घेतलेला. त्यात कमलिनीबाई पार्वतीच्या मागं लागल्यात, खांबापाशी सूर मारतात आणि तोंडावर आपटतात. बारा सेकंदांचा. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो पडला, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कुणी लिहिलं, इस उम्र में. कुणी लिहिलं, घर में कोई रोकने वाला नहीं.

सुभाषचंद्रांनी तो दुपारी पाहिला. ते शांत माणूस, उभ्या आयुष्यात कुणाशी भांडले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. बायकोपुढे फोन ठेवून ते म्हणाले, की काही दिवस जरा थांबलीस तर बरं, लोकांची तोंडं बंद होतील.

कमलिनीबाईंनी व्हिडिओ पाहिला. मग पुन्हा पाहिला. मग चष्मा लावून तिसऱ्यांदा, थांबवत थांबवत.

“अहो, हे बघा,” त्या म्हणाल्या. “हात आधी घातलाय मी, आणि पाय नंतर उचललाय. म्हणून पडले. मास्तर असते तर थोबाडीत मारली असती.”

“कमल, लोक हसतायत तुला.”

“हसू देत. चूक तर सापडली ना.” त्यांनी फोन हातात घेतला आणि ग्रुपवर हिंदीत लिहिलं: व्हिडिओबद्दल आभार. ज्यांनी काढला त्यांनी उद्यापासून रोज काढावा, आम्हाला उपयोग होतो. फक्त थोडा बाजूनं घ्यावा, पाय दिसत नाहीत.

ग्रुपवर त्यानंतर त्या दिवशी एकही हसणारा चेहरा पडला नाही.

कॉलनीच्या समितीचे सचिव रमाकांतजी मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. रस्ते झाडले जातायत की नाही, दिवे लागतायत की नाही, हे ते स्वतः फिरून बघत. कॉलनीची अब्रू आपल्या खांद्यावर आहे असं ते मनापासून मानत. त्यांनी निकमांच्या घरी येऊन, चहा घेऊन, सुभाषचंद्रांशी बोलणं केलं. कमलिनीबाई समोरच बसल्या होत्या, पण ते बोलत होते सुभाषचंद्रांकडे बघून. बाहेरच्या बायका कॉलनीत येतात. कुणी पडलं-झडलं, हाड मोडलं, तर जबाबदार कोण? मांडववाल्यांना खांबांची अडचण होते. आणि भल्या घरच्या बायका, ह्या वयात, असं मातीत लोळताना चारचौघांनी बघायचं, हे शोभतं का? भाभीजींनी बागेत योगासनं करावीत, समिती सतरंज्या देईल.

कमलिनीबाईंनी विचारलं, की क्रिकेट खेळणारी मुलं पडली तर जबाबदार कोण असतं? रमाकांतजी सुभाषचंद्रांकडे बघून हसले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी खांब उपटून चौकीदाराच्या खोलीमागं फेकलेले होते. बायकांनी ते आणून पुन्हा पुरले. तिसऱ्या दिवशी पुन्हा उपटलेले. पुन्हा पुरले. असं पाच वेळा झालं. चौकीदार बिचारा रोज माफी मागायचा आणि रोज उपटायचा. सहाव्या दिवशी पार्वती घरून पहार घेऊन आली आणि दोन्ही खड्डे दीड-दीड हात खोल केले. ते खांब काही चौकीदाराच्यानं निघाले नाहीत.

मग कुलूप लागलं. रविवार होता. मैदानाच्या फाटकाला नवंकोरं कुलूप आणि वर कागद: मैदानाचा वापर फक्त समितीनं मंजूर केलेल्या कार्यक्रमांसाठी. मागच्या गल्लीकडची तुटकी तारही रातोरात नवी झाली होती. फाटकाबाहेर तेरा जणी उभ्या. तन्वी म्हणाली की आपण वरून चढून जाऊ. दोन सुनांपैकी एक रडकुंडीला आली, आज घरी कळणारच होतं. मेघनाचं म्हणणं पडलं की अर्ज करू या, समितीकडे रीतसर परवानगी मागू.

“परवानगी मागायची नाही,” कमलिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “आज मागितली तर उद्या श्वास घ्यायलाही मागावी लागेल. इथंच खेळायचं.”

इथं म्हणजे फाटकासमोरच्या डांबरी रस्त्यावर. कॉलनीत यायला-जायला तोच एक रुंद रस्ता. खांब आत कुलपात अडकलेले. तेव्हा एका टोकाला जानकीताई स्वतः खांब म्हणून उभ्या राहिल्या, शिट्टी तोंडात धरून. दुसऱ्या टोकाला शिवणकामवाली उभी राहिली. खडूनं रेघा मारल्या. सूर मारायचा नाही, डांबरावर चामडी निघेल, एवढी ताकीद देऊन कमलिनीबाईंनी डाव सुरू केला. नऊ मिनिटांचा.

चार-पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात रमाकांतजींची गाडी आली. त्यांना स्टेशनला जायचं होतं, कुणाला तरी आणायला. त्यांनी हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. तन्वी बसलेली होती ती बसूनच राहिली, पार्वती दोघींना झुकांड्या देत गाडीच्या अगदी नाकासमोरून पळाली. रमाकांतजी खाली उतरले.

“यह क्या तमाशा है? रास्ता दीजिए.”

कमलिनीबाई पाठलागावर होत्या. त्यांनी मेघनाच्या पाठीवर थाप मारून खो दिला, तिच्या जागी बसल्या आणि बसल्या बसल्याच म्हणाल्या, “डाव संपायला चार मिनिटं आहेत, भाईसाहब. चार मिनट. रुकिए.”

एव्हाना घरांतून माणसं बाहेर आली होती. सुभाषचंद्रही आले. पायजमा आणि स्वेटर, हातात वर्तमानपत्र. बायकोचं ‘चार मिनट’ त्यांनी दारातूनच ऐकलं होतं. त्यांना बघून रमाकांतजींना हायसं वाटलं. ते त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, की निकम साहब, आप ही कुछ कहिए, आपकी मिसेस हैं.

कमलिनीबाईंचं लक्ष खेळावर होतं, पण कान तिकडे होते. तेहतीस वर्षांच्या संसारात हा माणूस कधी चारचौघांत बोलला नव्हता. आजही बोलणार नाही, असं त्यांना वाटलं. फार तर, अगं, जाऊ दे ना, एवढंच म्हणेल.

सुभाषचंद्रांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी एकही नग वेळेआधी पास केला नव्हता. “तीन मिनट बाक़ी हैं,” ते म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, घड्याळावर नजर ठेवून.

कमलिनीबाईंना पुढच्या खेपेला खो मिळाला तेव्हा त्या अशा सुटल्या, की पार्वतीला वळसा घ्यायलाही अवधी मिळाला नाही.

डाव संपल्यावर त्यांनी रस्ता मोकळा केला. कुलूप काही त्या दिवशी निघालं नाही. त्यापुढचे नऊ दिवस त्या रस्त्यावर खेळल्या, रोज साडेसहा ते सव्वासात. रडकुंडीला आलेल्या सुनेला घरून दोन दिवस पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिची सासूच तिच्याबरोबर आली, नीट लक्ष ठेवायला म्हणून, आणि कडेला खुर्ची टाकून बसली. पाचव्या दिवशी ती सासू पंचाशी हुज्जत घालायला लागली, की माझी सून बाद नव्हतीच.

मार्चमध्ये कॉलनीची वार्षिक सभा होती. मैदानाचा विषय रमाकांतजींनी कार्यक्रमपत्रिकेवर पहिलाच घेतला होता. कमलिनीबाईंनी तोवर समितीची नियमावली मागवून घेतली होती, आणि ती सुभाषचंद्रांनी तपासणी विभागाच्या सवयीनं ओळन् ओळ वाचली होती. एका संध्याकाळी ते चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “कमल, मी ह्या सोसायटीचा सभासदच नाही.”

ज्याच्या नावावर रजिस्ट्री तो सभासद, असं नियमात लिहिलेलं होतं. आणि बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांकात सवलत मिळते, म्हणून निकमांनी घर कमलिनीबाईंच्या नावावर घेतलं होतं. तसंच कॉलनीतल्या पुष्कळांनी केलं होतं. कागदावर बायकांची नावं, आणि सभांना इतकी वर्षं नवरे जाऊन बसत होते.

पुढचे चार दिवस कमलिनीबाई आणि मेघना दारोदार फिरल्या. कुत्र्यापासून सावध राहण्याच्या पाट्या ओलांडून आत गेल्या. प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला: घर कुणाच्या नावावर आहे? कित्येक बायकांना माहीत नव्हतं. काहींनी नवऱ्यासमोरच कपाट उघडून कागद काढले. एका म्हातारीनं आपलं नाव छापील अक्षरांत बघितलं आणि तो कागद परत आत ठेवायला दिलाच नाही, मांडीवर घेऊन बसली.

सभेला एकोणतीस बायका आल्या. खुर्च्या कमी पडल्या. रमाकांतजींनी आधी ते कौतुकानं घेतलं, बहनजी लोग भी आई हैं म्हणाले. मग सह्यांचं रजिस्टर फिरायला लागलं, तेव्हा कमलिनीबाई उठल्या. त्यांची हिंदी अजून मिरजेच्या वळणाची होती, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. त्यांनी नियमाचं कलम वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, की सही मालकानं करायची. ज्यांच्या नावावर घर नाही त्यांनी खुशाल बसावं, ऐकावं, चहा घ्यावा. हात मात्र वर करू नये.

रमाकांतजी म्हणाले, नियम आपल्या जागी, पण परंपरा काही असते. मागून कुणीतरी बाई म्हणाली, की मग रजिस्ट्रीही परंपरेनंच करायची होती.

मतदान झालं. सकाळी साडेसहा ते आठ मैदान खो-खोला, खांब कायम राहतील, आणि सभासदांचे पाहुणे म्हणून बाहेरच्या बायकाही येतील. ठराव सात मतांनी मंजूर झाला. विरोधात बायकांचीही मतं पडली होती, आठ-नऊ तरी. कमलिनीबाईंनी त्या कोण ते लक्षात ठेवलं नाही. सहा महिने गोल गोल फिरताना त्यांनीही कदाचित तसंच मत दिलं असतं.

रमाकांतजी आजही त्यांना नमस्कार करत नाहीत. समोरून आले की मोबाईल कानाला लावतात. त्यांच्या राज्यातले रस्ते मात्र तसेच स्वच्छ असतात, हे कमलिनीबाई स्वतःहून सांगतात.

एप्रिलमध्ये तन्वीनं आपल्या कॉलेजच्या मुलींना मैदानावर आणलं. सामना ठरला. विशीतल्या पोरी आणि ह्या, सरासरी पंचेचाळीसच्या. पोरींनी ह्यांना पार धुऊन काढलं. मेघनाचा पाय मुरगळला, पार्वती पावणेतीन मिनिटं टिकली, हीच काय ती शोभा. कमलिनीबाईंनी दुसऱ्या डावात एक सूर मारला, पाय आधी आणि हात नंतर, जसा मारायला हवा तसा, आणि एका उंच मुलीला बाद केलं. त्यानंतर त्यांचा खांदा आठवडाभर वर उचलेना. ऋतुराजला फोनवर ते कळलं तेव्हा तो रागावला. आई, आता पुरे, असं म्हणाला. कमलिनीबाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, की पुरे कधी ते मी ठरवणार आहे, आणि तुला वेळ असेल तर चांगल्या प्रतीचे गुडघ्याचे पट्टे पाठव, चौदा जोड्या.

पार्वतीच्या मनात वेगळंच होतं. चिरगावला तिच्या माहेराजवळ शाळेचं पटांगण होतं, आणि तिच्या भावजया, चुलत बहिणी, त्यांच्या पोरी, सगळ्यांना तिनं फोनवरून खेळ शिकवला होता. ह्या वर्षी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, चौदा जणी कानपूर रस्त्याच्या बसमध्ये चढल्या. एकीच्या हातात फक्कीची पिशवी, जानकीताईंच्या गळ्यात शिट्टी. कंडक्टरनं विचारलं, कुठल्या लग्नाला निघालात? खो-खो खेळायला, तन्वी म्हणाली, मराठीत, आणि मग तिच्या लक्षात आलं की त्याला ते समजलं नसणार. तिनं पुन्हा हिंदीत सांगितलं.

पटांगणावर निम्मं गाव लोटलं होतं. पुरुष भिंतीवर चढून बसले होते. तिथल्या बायका डोईवरचे पदर आवळून बांधून उभ्या होत्या, अनवाणी, आणि त्यांच्या पोटऱ्यांकडे बघूनच कमलिनीबाईंना कळलं की आज सोपं जाणार नाही. सोपं गेलंही नाही. पळतीच्या डावात पार्वतीच्या थोरल्या भावजयीनं त्यांना दीड मिनिटात गाठलं. त्या बाहेर येऊन बसल्या, धापा टाकत, घाम पुसत.

भिंतीवरून एका म्हाताऱ्यानं त्यांना अदबीनंच विचारलं, की अम्मा, ह्या वयात दमत नाही का?

“दमते की,” त्या म्हणाल्या. “बहुत थकती हूँ.”

मग जानकीताईंची शिट्टी झाली. आता पाठलागाची पाळी होती. कमलिनीबाई उठल्या, नवा गुडघ्याचा पट्टा वर ओढून घेतला आणि चौथ्या चौकात जाऊन, पायांच्या चवड्यांवर भार देऊन, बसल्या.